बारा-सातला दिलेली लाइन

हे माझ्या सख्ख्या मावशीच्या बाबतीत घडलंय.

कुणाच्या मित्राच्या मित्राचं नाही. मावशी आजही जयपुरात मानसरोवरला राहते, मी नोकरी करतो त्या बँकेपासून अर्ध्या तासावर. ज्याला खोटं वाटेल त्याने खुशाल खोटं समजावं. उलट हे खोटं आहे असं कुणी मला पटवून दिलं, तर मी त्याचे पाय धरीन.

तारीख २८ मे २०२४. वार मंगळवार.

आणि रात्र नव्हती. अंधार नव्हता, कुत्री रडत नव्हती. भर दुपार होती, डोळे उघडवणार नाहीत इतकं ऊन होतं. म्हणूनच मला दिवसाची जास्त भीती वाटते.

शेषराव काका म्हणजे माझ्या रमामावशीचे यजमान. मूळचे पूर्णेचे, परभणी जिल्ह्यातले. रेल्वेत सिग्नल खात्यात इंजिनियर, बदली होत होत जयपूरला आलेले. निवृत्तीला तेव्हा सात महिने राहिले होते. माणूस असा, की घड्याळ लावून जेवेल आणि रजिस्टरमध्ये नोंद केल्याशिवाय शिंकणारही नाही. मावशी त्यांना यावरून फार छळायची.

जयपूरपासून तासाभरावर एक जुनं छोट्या लाइनचं, म्हणजे मीटरगेजचं स्टेशन आहे. राजाच्या काळातलं, दगडी. नाव सांगत नाही, कारण आता तिथे शाळांच्या सहली येतात. रूळ कधीच उखडून नेलेत. रूळ होते तिथे नुसती खडी उरलीय आणि त्या खडीत गावातल्या शेळ्या बसतात. पण इमारत जशीच्या तशी. स्टेशन मास्तरची खोली, तिकिटाची खिडकी, बायकांची वेटिंग रूम, प्लॅटफॉर्मवर सिग्नल ओढायचे सात लोखंडी दांडे.

त्या स्टेशनाचं म्युझियम करायचं ठरलं. आणि मास्तरच्या खोलीतलं टोकनचं यंत्र चालू करून द्यायचं काम काकांकडे आलं. ते यंत्र कळणारा दुसरा माणूसच उरला नव्हता.

हे यंत्र काय ते थोडक्यात सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

एकच रूळ असेल तर समोरासमोर दोन गाड्या येऊ शकतात. म्हणून शेजारच्या दोन स्टेशनांत असं एक-एक यंत्र असायचं, तारेने जोडलेलं. पलीकडचा मास्तर घंटी वाजवून विचारणार, गाडी सोडू का? अलीकडच्याने यंत्राची मूठ 'गाडी येत आहे' या खुणेवर वळवली, तरच पलीकडच्या यंत्रातून एक लोखंडी गोळा बाहेर पडणार. तो गोळा हातात असल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवणार नाही. याला रेल्वेवाले 'लाइन देणं' म्हणतात.

आणि एकदा लाइन दिली की मूठ तिथेच अडकते. गाडी येईपर्यंत, तिच्यासोबतचा गोळा यंत्रात पडेपर्यंत, ती परत फिरत नाही.

काकांचे वडील कोंडिबा पूर्णेला छोट्या लाइनवर याच कामात होते. दहा वर्षांचे काका त्यांच्या मांडीवर बसून घंटी वाजवायला शिकले. कोंडिबा सांगायचे, "घंटी वाजली की आधी उत्तर द्यायचं. मग बाकीचं. पलीकडं माणसं खोळंबलेली असतात."

ते काकांच्या हातात बसलं होतं. डोक्यात नाही, हातात.

त्या मंगळवारी मानसरोवरला दिवसभर वीज जाणार होती. नवतपाचे, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यांत तापणारे नऊ दिवस, पारा सेहेचाळीसच्या वर. काका म्हणाले, "घरात भाजून निघशील. चल माझ्यासंगं. तिथल्या भिंती दोन-दोन हाताच्या आहेत, गारवा असतो."

मावशीने दशम्या बांधल्या, ठेचा घेतला, दह्याचा डबा घेतला. जणू पूर्णेहून नांदेडला निघाली होती.

साडेदहाला जीपने दोघांना सोडलं. ड्रायव्हर दोन वाजता येतो म्हणून गेला. स्टेशनवर भंवरजी नावाचा म्हातारा चौकीदार होता, तिथल्याच गावचा. त्याने बायकांच्या वेटिंग रूममध्ये एक माठ भरला, त्यावर झाकण ठेवलं, झाकणावर पेला उपडा घातला. मग काठी उचलली.

"मैं चार बजे आऊँगा साहब. बारह से चार मैं इधर नहीं बैठता."

"लू की वजह से?" काकांनी विचारलं.

भंवरजीने झाकणावरचा पेला नीट केला. तो गेला.

मावशी वेटिंग रूममध्ये गेली. लांब लाकडी बाक होता, उंच छत होतं, खरंच गार होतं. तिने माठाचं झाकण काढून पाहिलं. तळाला हिरवट गाळ दिसला. म्हणजे रोज वरून पाणी भरलं जात होतं, माठ कधी रिकामा करून धुतलेलाच नव्हता. आमच्या घरातल्या कुठल्याही बाईने जे केलं असतं तेच मावशीने केलं. शिळं पाणी ठेवायचं नाही. तिने माठ उचलला, प्लॅटफॉर्मवरच्या कडुलिंबाच्या बुडाशी पाणी ओतलं, आतून हात फिरवून घासला आणि भरायला नळावर नेला.

नळाला पाणी नव्हतं. दुपारचं जातंच तिकडे.

"राहू दे," काका खोलीतून म्हणाले. "आपल्याजवळ बाटली आहे."

मावशीने रिकामा माठ जागेवर ठेवला.

दोन्ही चांगल्या सवयी होत्या. तिचीही आणि काकांचीही. याचंच मला फार वाईट वाटतं. दोघांनी काहीही वावगं केलं नव्हतं.

बारा वाजले. काका यंत्र उघडून बसले होते. तीन दिवस त्यांनी घासलं होतं, तेल दिलं होतं, पण घंटीतून आवाज निघत नव्हता.

बारा वाजून सात मिनिटांनी...

घंटी वाजली.

एक ठोका. स्वच्छ, खणखणीत.

एक ठोका म्हणजे 'लक्ष द्या'.

काकांचा हात आपोआप बटणावर गेला. त्यांनी एक ठोका परत दिला.

थोडा वेळ शांतता. मग...

दोन ठोके.

'लाइन मिळेल का?'

काका मला म्हणाले, "दर्शन, खरं सांगतो. मला आनंद झाला रे. तीन दिवसांनी यंत्र बोललं. मला वाटलं, माझं काम झालं." त्या आनंदात त्यांनी दोन ठोके परत दिले, मूठ 'गाडी येत आहे' वर वळवली. म्युझियममध्ये मांडायला एक कोरं रजिस्टर आणून ठेवलं होतं. त्यात सवयीने वेळ लिहिली. बारा-सात, लाइन दिली. खाली सही केली.

शाई वाळवायला त्यांनी फुंकर मारली.

आणि त्यांचं लक्ष आपल्या पिशवीकडे गेलं.

यंत्राची बॅटरी पिशवीतच होती.

काका खिडकीशी गेले. बाहेर भिंतीवर यंत्राच्या दोन तारा लोंबत होत्या. तोडलेल्या. टोकांना काळी पट्टी गुंडाळलेली, ती त्यांनीच परवा गुंडाळली होती. आणि तारा जोडलेल्या असत्या तरी काय? पलीकडच्या स्टेशनच्या जागी आता टोलनाका आहे.

मग बोलवलं कुणी?

तेवढ्यात...

तीन ठोके.

'गाडी सुटली.'

या वेळी काकांनी उत्तर दिलं नाही. त्यांनी मूठ मागे फिरवायचा प्रयत्न केला. हलेना. दोन्ही हातांनी ओढली, पाय टेकवून ओढली. ती जागची हलली नाही. पाच ठोके म्हणजे 'रद्द'. त्यांनी पाच ठोके दिले. पुन्हा दिले. तिसऱ्यांदा दिले.

पलीकडून काही नाही.

आणि मग त्यांना जाणवलं की बाहेर लू थांबलीय.

सकाळपासून घोंघावणारा तो गरम वारा एकदम बंद. लिंबाचं पान हलत नव्हतं. मोर सकाळपासून ओरडत होते, तेही गप्प. जयपूरकडे मोरांचा आवाज इतका अंगवळणी पडतो की तो थांबला की कानात दडे बसल्यासारखं होतं.

खडीत बसलेल्या शेळ्या उठल्या.

कुणी हाकललं नव्हतं. त्या आपणहून उठल्या आणि बाजूला झाल्या. काही या बाजूला, काही त्या बाजूला. मधली खडी मोकळी सोडून, रूळ जिथून जायचे तेवढीच जागा मोकळी सोडून, त्या उभ्या राहिल्या.

सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला...

 काकांना मावशीची आठवण झाली. आणि त्याच वेळी भिंतीपलीकडून तिचा आवाज आला. ती हिंदीत बोलत होती, आपल्या पूर्णेच्या हिंदीत.

"हौ ना... अकेली कहाँ जाती तुम इत्ती धूप में... लाओ, मेरे पास देव..."

फोनवर असेल, काकांना वाटलं. फोनवर कीर्ती असेल, त्यांची पुण्याची मुलगी. पण कीर्तीशी ती हिंदीत कशाला बोलेल?

आणि मावशीचा फोन काकांच्या समोर टेबलावर होता.

काका धावले.

वेटिंग रूममध्ये मावशी बाकावर बसली होती. एकटी. डावा हात कोपरात दुमडून छातीशी घेतलेला, उजवा हात त्यावरून हळूहळू फिरत होता. पदर पुढे ओढलेला होता.

"कुणाशी बोलायलीस?"

"अहो, ती बाई नाही का. आत्ता तुमच्यासमोरून तर गेली." मावशीचा चेहरा काळजीने भरलेला होता. "गाडीतून उतरून चालत आलीय म्हणे. माठात पाणी बघितलं, माठ रिकामा. मीच मेलीनं ओतून दिलं. आपल्या बाटलीतलं तर कढत झालंय, तापलेल्या लेकराला कसं पाजायचं? पाणी हुडकायला गेलीय बिचारी. लेकराला जरा धरा म्हणाली. हात लावून बघा, तापानं फणफणलंय."

तिच्या हातात काही नव्हतं.

पण पदर... पदर खाली ओढला गेला होता. आत काहीतरी वजन असल्यासारखा, गोल.

"रमा, ऊठ. आपण निघू."

"असं कसं निघू? कुणाचं लेकरू असं बाकावर टाकून जाऊ?"

"ऊठ म्हणतो ना!"

तेव्हा शिट्टी ऐकू आली.

लांबून. विलायती बाभळीच्या रानापलीकडून, जिथे पूर्वी बाहेरचा सिग्नल होता तिथून. वाफेच्या इंजिनाची शिट्टी. एक लांब... मग थांबून पुन्हा एक लांब...

रेल्वेतल्या माणसाला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही. सिग्नलचा हात खाली पडून गाडीला वाट मिळालेली नसली की ड्रायव्हर अशी शिट्टी मारतो. आम्ही उभे आहोत, आत घ्या.

काका प्लॅटफॉर्मवर आले. समोर उन्हात हवा थरथरत होती. गाडी दिसत नव्हती. धूर दिसत नव्हता. नुसती शिट्टी. आणि शिट्टीच्या मध्ये मध्ये आवाज. पुष्कळ माणसांचा. रडणारा, हाका मारणारा, दूर असल्याने शब्द कळत नव्हते.

दांडा त्यांच्यापासून चार पावलांवर होता. दोन नंबरचा दांडा ओढला की सिग्नल पडायचा. आता त्याला तार नव्हती, सिग्नलच नव्हता. पण बॅटरीशिवाय घंटी वाजली होती. काकांना मनातून पक्कं ठाऊक होतं, आपण दांडा ओढला तर गाडी आत येईल.

त्यांनी दांड्यावर हात ठेवला. लोखंड तव्यासारखं तापलेलं.

"द्या की सिग्नल!" मागून मावशी म्हणाली.

ती प्लॅटफॉर्मच्या कडेला येऊन उभी होती. पायात चपला, खांद्याला पिशवी, डावा हात छातीशी. प्रवासाला निघालेली बाई उभी राहते तशी. "माणसं उन्हात उभी आहेत अहो. तिची जागा डब्यात असंल. मी तिला न् लेकराला डब्यात नीट बसवून देते."

डब्यात बसवून देते.

 गाडी आत आली तर थांबेल किती वेळ? दोन मिनिटं. मावशी डब्यात चढेल. लेकरू देईल, पाणी देईल, वर दोन शब्द बोलेल. ती कधी दोन मिनिटांत खाली उतरलीय? आमच्या घरात कुणाला सोडायला गेली की गाडी हलल्यावर उतरायची तिची सवय. काका तिला त्यावरून कितीदा ओरडले होते.

त्यांनी दांड्यावरचा हात काढला.

शिट्टी वाजतच राहिली. मग एकदम बंद झाली.

आणि खडीवर पावलं वाजायला लागली.

एक-दोन नाही... पुष्कळ. चालत येणारी, रेंगाळणारी, कुणीतरी फरफटत येणारं. खडी करकर वाजत होती आणि खडीवर कुणी नव्हतं. शेळ्या मान वळवून त्या आवाजासोबत बघत होत्या. आवाज प्लॅटफॉर्मच्या उताराशी आला...

काका मावशीवर धावून गेले. तिच्या दुमडलेल्या हातातून त्यांनी ते घेतलं.

हो, घेतलं. त्यांच्या हाताला वजन लागलं. कढत, भाजेल इतकं. त्यांनी ते वेटिंग रूमच्या बाकावर ठेवलं आणि मावशीला दंडाला धरून रस्त्याच्या बाजूच्या दारातून बाहेर ओढत नेलं. ती ओरडत होती. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. रस्त्यापर्यंत एक किलोमीटर ते तिला उन्हातून ओढत घेऊन गेले, आणि तिथे एका ट्रकवाल्याने दोघांना गाडीत घेतलं.

 मानसरोवरला घराच्या दारात उभी राहून मावशी म्हणाली, "तुम्ही सिग्नल का नाही दिलात?"

 तहानलेली माणसं बाहेर उभी आहेत हे कळत असताना काकांनी गाडी अडवून ठेवली होती. जन्मात पहिल्यांदा. कशासाठी, ते तिला कसं सांगणार?

"त्या लेकराला मी बाकावर नीट ठेवलंय," ते एवढंच म्हणाले. "त्याची आई घेईल."

मावशीने त्यांच्याकडे पाहिलं.

"बाकावर तुम्ही माझ्या पिशवीतली पाण्याची बाटली ठेवलीत. उन्हानं तापलेली. लेकरू माझ्याजवळ आहे."

तिचा डावा हात अजून छातीशीच होता.

लू लागली असेल, असं आधी सगळ्यांना वाटलं. मलाही. मी स्वतः तिला डॉक्टरकडे नेलं. सलाइन लावलं, तपासण्या झाल्या, सगळं ठीक निघालं. एका डॉक्टरांनी खांदा आखडलाय म्हणून सांगितलं, व्यायाम दिले. पण आखडलेला खांदा दिवसभर आखडलेला असतो. मावशी सकाळी दोन्ही हातांनी पोळ्या लाटते, संध्याकाळी दोन्ही हातांनी केस विंचरते.

फक्त दुपारी बारा ते चार तिचा डावा हात मोकळा नसतो.

चौथ्या दिवशी काका एकटे स्टेशनवर गेले. भंवरजी वेटिंग रूमच्या उंबऱ्यावर बसला होता. माठ भरलेला होता.

"माठ किसने खाली किया था, साहब?"

काकांनी सांगितलं.  म्हातारा जेवढं बोलला ते असं, की त्याच्या आजोबांच्या वेळी जेठ महिन्यात, ऐन उन्हाळ्यात, एक गाडी बाहेर उभी राहिली. आत मास्तर खुर्चीत बसल्या बसल्या गेला होता, उन्हाने. लाइन दिली होती, सिग्नल द्यायला कुणी नव्हतं. गाडी चार वाजेपर्यंत उभी. एक बाई पोर घेऊन पाण्यासाठी चालत आली, तेव्हा इथला माठ रिकामा होता. तेव्हापासून माठ भरायचं काम त्याच्या घराकडे आहे.

"और बच्चा?" काकांनी विचारलं.

"बच्चे का किसी ने नहीं बताया, साहब."

बारा वाजले तरी त्या दिवशी भंवरजी उठला नाही. काकांनी दोन नंबरचा दांडा ओढला. पूर्ण ओढला, अडकवून ठेवला. आणि वाट बघत बसले. गाडी येऊ दे, ती बाई येऊ दे, मी तिच्या पाया पडून सांगतो, माझ्या घरी चल, तुझं लेकरू घेऊन जा.

लू वाहत होती. मोर ओरडत होते. शेळ्या खडीत बसून रवंथ करत होत्या.

काका दुसऱ्या दिवशी गेले. तिसऱ्या दिवशी गेले. दीड महिना रोज गेले, पाऊस सुरू झाला तरी गेले. घंटी एकदाही वाजली नाही. शेवटी भंवरजीच म्हणाला, "अब काहे को आएगी गाड़ी? सवारियाँ तो उस दिन उतर गईं, साहब."

माणसं उतरली. आणि कुठे गेली, ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

डिसेंबरात काका निवृत्त झाले. पूर्णेला त्यांचं घर बांधून तयार आहे, वास्तुशांतसुद्धा झालीय. कीर्तीने तिकिटं काढली. मावशी स्टेशनपर्यंत आली आणि डब्याच्या दारात थांबली. "मी नाही येणार. त्याची आई इथं हुडकत येईल. आम्ही तिकडं असलो तर तिला कसं सापडायचं?" ती अगदी साधेपणाने म्हणाली. सामान परत आलं. दोघं तिथेच मानसरोवरला भाड्याच्या घरात राहतात.

यंत्राची मूठ अजून 'गाडी येत आहे' वरच आहे. म्युझियमवाल्यांना ती फिरवता आली नाही. सहलीला आलेली मुलं तिच्याजवळ उभी राहून फोटो काढतात.

मी हे सगळं काकांच्या तोंडून ऐकलं आणि खरं सांगतो, अर्धवटच मानलं. वय झालंय, एकटी पडलीत, असं मनाला समजावलं.

मग गेल्या महिन्यात एका सुट्टीला मी दुपारी त्यांच्याकडे गेलो. साडेबारा झाले होते. मावशी पलंगावर भिंतीला टेकून बसली होती, हात छातीशी, पदर पुढे. माझ्याशी अगदी नेहमीसारखं बोलली. लग्नाचं काय ठरलं विचारलं, बारीक झालास म्हणाली. एवढ्यात काका वाटीत पाणी आणि चमचा घेऊन आले आणि तिच्याजवळ वाकून बसले.

त्यांनी चमच्यात पाणी घेतलं. पदराजवळ नेलं. हळूच तिरका केला.

मी अगदी समोर होतो. दीड हातावर.

चमचा रिकामा झाला. दुसरा झाला. तिसरा झाला. ते अर्धी वाटी पाजत होते, आणि पदर कोरडा होता, चादर कोरडी होती, फरशीवर एक थेंब नव्हता.

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांना माझ्याकडे बघायची लाज वाटत असावी. मला मात्र त्या क्षणी त्यांची इतकी कीव आली की मी तोंड फिरवून गॅलरीत गेलो.

आता हे लिहायचं कारण.

काकांना मोतीबिंदू झालाय. येत्या मंगळवारी ऑपरेशन आहे, दुपारचीच वेळ मिळालीय. पुण्याहून कीर्तीला येता येत नाही. काकांनी फोन केला. "दर्शन, बारा ते चार तेवढं मावशीजवळ बसशील का रे? तिला एकटं ठेवता येत नाही."

मी हो म्हणालो. रजा टाकलीय. पोटच्या पोरासारखं वाढवलंय तिने मला, नाही कसं म्हणणार?

पाणी पाजायला मी तयार आहे. चमच्याने तर चमच्याने.

पण माणूसच आहे ती. चार तासांत कधीतरी उठावं लागेल. पाणी प्यायला, बाथरूमला. आणि तेव्हा ती माझ्याकडे बघेल, हात पुढे करेल आणि म्हणेल...

"दर्शन, जरा धर रे ह्याला."